कुटाराचा दिवस

पहाटे ४.४०
पऱ्हाटी आधी चरचरते आणि मग एकदम भडकते. ड्रमच्या बुडाशी जाळ लागला की वहिनी दोन पावलं मागे येतात. मी तिथंच उभी. "ताई, अल्लग सरका. धूर लागंल तुमाले."

ड्रम दोनशे लिटरचा. वरचं झाकण कापलेला. भंगारवाल्याकडून सहाशे रुपयांना आणला. आत रात्रभर भिजलेलं सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसकट. कोरडं होतं तेव्हा बारा किलो भरलं होतं. आता ते पाण्याखाली राहावं म्हणून वर लोखंडी जाळी आणि जाळीवर दोन दगड. हे पाणी उकळू द्यायचं नाही. कडेनं बारीक बुडबुडे सुटले, हात जवळ नेववेना, की जाळ कमी करायचा आणि तासभर तसंच ठेवायचं. कुटाराबरोबर आलेल्या आगंतुक बुरश्या, अळ्या, अंडी यांचा निकाल लागतो. मग आपल्याला हवी ती बुरशी आत बसवायची.

नोव्हेंबरचा मध्य. दिवाळी होऊन गेली. दारव्ह्याहून ऑटोनं इथं यायला पाऊण तास लागत नाही. गावाचं नाव लिहू नका, एवढी एकच अट वहिनींनी काल रात्री घातली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "दुपारी पाहाल."

सहा वर्षांपूर्वी त्या अळिंबी पिकवायला शिकल्या तेव्हा जाळाची ही भानगड नव्हती. प्रशिक्षणात सोपी रीत सांगितली होती. शंभर लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिलि फॉर्मेलिन टाकायचं. त्यात कुटार सोळा-अठरा तास बुडवून ठेवायचं. देशभर बरेच जण असंच करतात. लाकूड नाही, राखण नाही. पहिलं वर्ष वहिनींनीही तेच केलं. फॉर्मेलिनचा ड्रम उघडला की डोळ्यांतून पाणी यायचं. आणि ते शंभर लिटर पाणी शेवटी कुठं ओतायचं, हे प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नव्हतं.

कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं नरांच्या वृषणांना इजा झालेली दिसली आहे. युरोपात २०१४ पासून त्याला मान्यता नाही. आपल्याकडं कृषी केंद्राच्या काउंटरवर पुडी सहज मिळते.

"बुरशी वाढवाची आन् बुरशीचंच औषध टाकाचं," वहिनी जाळ मागे ओढत म्हणतात. "मले तवाच पटलं नोतं."

पऱ्हाटी फुकट, स्वतःच्या शेतातली. मोडायची, वाहायची, रचायची मेहनत तेवढी जास्त. ती हिशेबात धरत नाहीत.

६.१०
कुटार घमेल्यानं काढायचं आणि बाजेवर पसरायचं. बाजेवर उकळलेलं जुनं लुगडं, बाजेखाली बादली. वाफ निघत असते. हात भाजतात, म्हणून हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. बारा किलोचं आता चाळीसच्या आसपास झालंय. वरून दुसरं लुगडं. निवायला पाच तास.

त्यांच्या सासूबाई होत्या तोवर हे काम दोघींचं होतं. आता एकटीचं. मी एक घमेलं उचलून बघितलं. दुसरं उचललं नाही.

६.४५
झोपडी दहा बाय पंधरा फुटांची. तुराट्यांचा कूड, वर टिन, टिनाखाली हिरवी जाळी. दाराला ओलं बारदान. आत शिरताना वहिनी दुपट्ट्यानं नाक-तोंड बांधतात. मलाही बांधायला लावतात. अळिंबीच्या टोप्या उलटायच्या आत काढल्या नाहीत तर पांढरी पूड झडते. ते बुरशीचं बी. रोज छातीत गेलं की खोकला लागतो आणि तो लवकर जात नाही.

दोरीला पिशव्या टांगलेल्या, एकाखाली एक. मी मोजल्या, चौऱ्याहत्तर. काही नुसत्या पांढऱ्या, कापसाचं गाठोडं बांधल्यासारख्या. काहींच्या भोकांतून झुपके बाहेर आलेले. शिंपल्यांसारखे, राखाडी-पांढरे, एकावर एक. ढिंगरी अळिंबी. ही जात आपल्या देशात रानातही उगवते. जम्मूकडच्या डोंगरपायथ्याशी थोराच्या वठलेल्या खोडावर सापडली. सोलनला जंदैक यांनी १९७४ साली तिची लागवड करून दाखवली. थोरावरची बुरशी सोयाबीनच्या कुटारावर आली, तिला काही फरक पडला नाही.

तोडायची रीत साधी. झुपका मुळाशी धरायचा, अर्धा पीळ द्यायचा. सुरी नको. देठाचा तुकडा आत राहिला तर तो सडतो आणि माश्या येतात. वहिनींची बोटं अर्ध्या मिनिटात एक पिशवी मोकळी करतात. पिळताना कच्च्या काकडीसारखा बारीक आवाज येतो.

तिसऱ्या रांगेत त्या थांबतात. एका पिशवीच्या बगलेला रुपयाएवढा हिरवा डाग. शेवाळी हिरवा, पुडीसारखा.

"हे पाहा. ट्रायकोडर्मा."

हे नाव दारव्हा तालुक्यात लहान पोरालाही माहीत आहे. जूनमध्ये तुरीच्या बियाण्याला चोळतात, मर रोग लागू नये म्हणून. किलोची पिशवी गोठ्यात वेगळ्या खिळ्याला टांगलेली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून आणलेली. तीच बुरशी इथं शत्रू. झोपडीत ती पसरली की पिशव्या हातच्या जातात. म्हणून गोठ्यात हात लावला की अंघोळ केल्याशिवाय झोपडीत पाऊल नाही. दूध काढणं त्यांनी मुलीकडं दिलंय ते याचसाठी.

हिरव्या डागाची पिशवी त्या दुसऱ्या पिशवीत घालतात, तोंड बांधतात. बाहेर दाराशी वेगळी ठेवतात. टाकून देत नाहीत. "खड्ड्यात लागते."

आजचा तोडा पाच किलो दोनशे ग्रॅम.

७.२०
वहिनींचे यजमान भाऊ निघाले. तुरीवर फवारणी. तूर फुलात आहे, शेंगा पोखरणारी अळी आलीय. शेत दुसऱ्याचं, पंप यांचा. चार्जिंगचा, सोळा लिटरचा, साडेतीन हजाराचा. पंपामागं तीस रुपये. औषध मालकाचं.

कापसाची फवारणी कमरेच्या उंचीवर होते. तूर माणसाएवढी. नोझल वर धरावी लागते आणि जे वर जातं ते खाली येतं. भाऊंनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलाय, उन्हाळी टोपी, वर दुपट्टा, हातमोजे. चष्मा खिशात. "घामानं धुकं येते त्याच्यावर. दिसत नाई."

२०१७ च्या पावसाळ्यात या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. शेकडो दवाखान्यात होती. मालक होते, मजूर जास्त होते. त्या वर्षी भाऊही दोन दिवस सलाईनवर होते. डोळ्यांपुढं अंधारी, उलट्या. आजही त्याबद्दल ते बोलत नाहीत. हातमोजे मात्र तेव्हापासून आले.

"वारा पडला का वापस येजा," वहिनी म्हणतात. वारा पडला तर फवारणी चांगली होते, हे दोघांनाही माहीत आहे. त्यांना वारा सुटला असं म्हणायचं होतं. भाऊ हो म्हणतात.

९.०५
ऑटोचे तीस रुपये. मांडीवर कॅरेट. पाव किलोची सोळा पाकिटं, वर ओलं फडकं. उरलेली बाराशे ग्रॅम घरी टिनावर वाळत घातलीय. ती वाळून जेमतेम एकशेवीस ग्रॅम होईल.

दारव्ह्यात शिरताना मोतीबाग स्टेशन लागतं. शकुंतला गाडीची अरुंद लाईन गवतात बुडालेली. मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर. कापूस वाहायला इंग्रजांच्या काळात घातली. वहिनी माहेरून पहिल्यांदा आल्या त्या याच गाडीनं. "बैलगाडी पुढं जात होती," एवढंच सांगतात आणि हसतात.

पाकीट पन्नास रुपयाला. ठरलेली नऊ घरं आहेत. बँकेतले, तहसीलमधले, दोन मास्तर, एक डॉक्टरीण बाई. एका घरी बाई पाकीट नाकाशी नेतात. "औषध वगैरे नाही ना मारत?"

"नाई बाई. गरम पाणी नुस्तं."

एका खानावळीवाल्यानं चार घेतली, चाळीसच्या भावानं. तीन उरली. एक माझ्या हातात दिली, पैसे घेतले नाहीत. भांडणात मी हरले.

नऊ घरांचे साडेचारशे, खानावळीचे एकशे साठ. सहाशे दहा. त्यातून जाण्यायेण्याचे साठ, पाकिटांचे दहा. मुलीला भूमितीची पेटी पाहिजे होती, पंचाऐंशी रुपये. वहिनींनी ती दुकानात दोनदा उघडून बघितली, कंपासचा स्क्रू फिरवून पाहिला आणि मगच घेतली.

११.५०
घरी. कुटार निवलंय. मूठभर घ्यायचं, जोरात दाबायचं. पाण्याची धार आली तर जास्त ओलं. हात कोरडा राहिला तर जास्त वाळलं. थेंब पडू नये आणि तळहात ओला व्हावा. वहिनी तीन ठिकाणची मूठ दाबून बघतात. मधलं अजून ओलं आहे. पुन्हा उकलून पसरतात. पंधरा मिनिटं.

मग भराई. बियाणं म्हणजे गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. किलोला एकशेवीस रुपये, पार्सलचे वेगळे. पाकीट फोडलं की ताज्या लाकडासारखा, किंचित गोडसर वास येतो. दाणे पांढऱ्या कापसात गुंतलेले. ते चुरून मोकळे करायचे.

पिशवीत चार बोटं कुटार, दाबून. कडेकडेनं मूठभर दाणे. पुन्हा चार बोटं कुटार. असे चार थर. तोंडाला रबर. मग दाभणानं वीसेक भोकं. दाभण आधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. एका पिशवीत चार किलो ओलं कुटार, सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर बियाणं. दहा पिशव्या झाल्या तोवर पावणेदोन वाजले. कमरेवर हात ठेवून त्या उठल्या, भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या. बियाणं एकशे चव्वेचाळीस, पिशव्या तीस. या दहा पिशव्यांतून तीन तोडे मिळून सात-आठ किलो अळिंबी निघते. पहिला तोडा तीन आठवड्यांनी.

२.१५
जेवण. भाकर, तुरीच्या कोवळ्या दाण्याची आमटी, ठेचा. उरलेल्या पाकिटातली अळिंबी कांद्यात परतलेली. सासरे खात नाहीत. "टेकोडे पावसात येतात. वारुळापाशी. हे पिशवीतलं काय खावाचं?"

सासऱ्यांनी तीस वर्षं फवारणी केली. हातपंपानं, उघड्या अंगानं. तेव्हाचं औषध एंडोसल्फान. "काय औषध होतं! सकाळी मारलं का दुपारी अळी जमिनीवर." बंद का झालं ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

मी सांगितलं, जमेल तसं. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर ते हेलिकॉप्टरमधून मारत. वर्षानुवर्षं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तिथल्या शाळकरी मुलग्यांची तपासणी केली. २००३ साली ती छापून आली. त्या मुलांमध्ये वयात येण्याची लक्षणं उशिरा दिसत होती. शरीरात जे हुकूम संप्रेरकं पोचवतात, त्यांच्या मध्येच हे रसायन बोलत होतं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बंदी घातली.

सासरे बराच वेळ ताटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या तं लेकरं झाले बाप्पा." आणि पाणी प्यायले.

३.२०
भाऊ आले. सोळा पंप, चारशे ऐंशी रुपये. पैसे उद्या. पंप पाठीवरच, झाकण घट्ट. न धुता आणलाय. हेच मुख्य. शेतावर विहीर होती, मालक म्हणाला इथंच खंगाळून घे. भाऊंनी नाही म्हटलं. मालक हसला.

घरात ते शिरले नाहीत. सरळ मागं, खड्ड्याकडं.

खड्डा घरच्या विहिरीपासून साठ पावलांवर. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल. वर चार बांबूंवर टिनाचा तुकडा, पाऊस भरू नये म्हणून. कडेनं काटेरी कुंपण, कोंबड्या जाऊ नयेत म्हणून. तळाला जाड ताडपत्री. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, त्यातून सगळं खाली उतरलं असतं. ताडपत्रीवर अर्धा भाग कुटार, म्हणजे झोपडीतल्या काम झालेल्या पिशव्यांचा चुरा. पाव भाग माती. पाव भाग कुजलेलं शेणखत. वर हरळी वाढलीय.

चार वर्षांपूर्वी इथं खड्डा नव्हता. पंप हातपंपाखाली धुतला जाई. ओघळ नालीत, नाली नाल्यात, नाला पुढं अडाण नदीला. एके दिवशी वहिनींची बकरी त्या ओघळाचं पाणी प्यायली. संध्याकाळी तोंडाला फेस. रात्री गेली. आठ हजारांची बकरी, दोन महिन्यांनी विणार होती. त्यांचा भाचा तेव्हा कृषी पदवीला शिकत होता. त्यानं सांगितलं, स्वीडनमध्ये शेतकरी पंप भरायच्या जागी असा खड्डा करतात. १९९३ पासून. पेंढा, माती आणि दलदलीतली कुजकी माती. पेंढा कशाला? बुरशीला खायला. "आपल्याकडं तं बुरशीच बुरशी हाये मामी," असं तो म्हणाला. दलदलीच्या मातीऐवजी शेणखत हे वहिनींचं डोकं.

भाऊ पंपात दोन लिटर पाणी घेतात. हलवतात. नोझल उघडून खड्ड्यावर फवारून टाकतात. पुन्हा दोन लिटर. पुन्हा. तीनदा. मग मोजायचं झाकण, बादली, ढवळायची काठी. औषधाचा रिकामा डबा मालकाकडंच राहिला, पण स्टिकरची बाटली भाऊंची स्वतःची. ती बाहेरून धुतली. शेवटी हातमोजे, हातावर असतानाच.

वास येतो. आज क्विनॉलफॉस होतं. लसूण आणि घासलेट एकत्र केल्यासारखा उग्र वास. हरळीवर पांढुरके थेंब बसले आणि हळूहळू आत मुरले.

मला स्टिकरची बाटली बघायची होती. औषध पानावर पसरावं, चिकटावं म्हणून पंपात पाच मिलि टाकतात. तिला कोणी विष समजत नाही. भाऊ तर कधी कधी त्यानंच हात धुतात, फेस येतो म्हणून. अशा द्रव्यांपैकी बरीचशी ज्या रसायनांपासून बनतात ती मातीत मोडताना नोनिलफिनॉल मागं ठेवतात. त्याची गोष्ट गमतीची आहे. बोस्टनमध्ये टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोन्नेनशाइन कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. इस्ट्रोजेन मिळाल्याशिवाय त्या पेशी वाढायला नकोत. एके दिवशी त्या आपोआप वाढायला लागल्या. कोणी काही मिसळलेलं नव्हतं. बरेच महिने शोधल्यावर कळलं की प्लॅस्टिकच्या नळ्यांतूनच काहीतरी पाझरतंय. ते नोनिलफिनॉल. १९९१ साली त्यांनी ते छापलं. शरीर त्याला इस्ट्रोजेन समजून फसतं.

आणि बुरशी? तीही फसते, पण आपल्या सोयीनं.

लाकूड, पऱ्हाटी, तुराटी कडक असते ती लिग्निनमुळं. लिग्निन म्हणजे फिनॉलच्या कड्यांचा गुंता, एका गाठीसारखी दुसरी गाठ नाही. अशा गुंत्याला नेमकी कात्री चालत नाही. म्हणून ढिंगरीसारख्या बुरश्या अंगाबाहेर विकरं सोडतात. लॅकेस, पेरॉक्सिडेज. ही विकरं समोर येईल त्या कड्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेतात, कडं खिळखिळं होतं, तुटतं. नोनिलफिनॉलच्या अंगावर असंच कडं आहे. बाटल्यांच्या प्लॅस्टिकमधल्या बिस्फेनॉल ए वर आहे. खऱ्या इस्ट्रोजेनवरही आहे. बुरशीला कुटार कुठं संपलं आणि रसायन कुठं सुरू झालं हे कळत नाही. ती खात सुटते. मिशिगनच्या संशोधकांनी १९८५ साली लाकूड कुजवणाऱ्या एका बुरशीला डीडीटी आणि लिंडेन दिलं. तिनं दोन्ही मोडायला घेतलं. २००१ मध्ये जपानमध्ये अशाच बुरश्यांच्या विकरांनी बिस्फेनॉल आणि नोनिलफिनॉलची इस्ट्रोजेनची नक्कल करायची ताकद काढून टाकली. सकाळची ती हिरवी ट्रायकोडर्मासुद्धा या कामात मागे नाही. तिच्या एका जातीनं एंडोसल्फान मोडल्याची नोंद १९९३ ची आहे.

क्विनॉलफॉसकडं माती आणि शेणखतातले जिवाणू बघतात. म्हणून खड्ड्यात कुटार, माती, शेणखत तिन्ही लागतात.

भाऊंना मी हे सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे याच्यानं हात नाई धुवाचे."

"नाई धुवाचे," वहिनी आतून ओरडल्या. त्या ऐकत होत्या.

४.००
भाऊंचे कपडे वेगळ्या बादलीत. धुण्याचं पहिलं पाणी खड्ड्यात. साबणानं अंघोळ, मग चहा.

वहिनी सकाळची हिरवी पिशवी आणि तिसरा तोडा होऊन गेलेल्या चार पिशव्या घेऊन येतात. ब्लेडनं प्लॅस्टिक उभं चिरतात. आत कुटाराचा ठोकळा, पांढऱ्या धाग्यांनी बांधलेला. उचलला तर हलका. सुरुवातीचं चार किलो आता दीडवर आलंय. बोटानं दाबला की भुसभुशीत, ब्रेडसारखा. ठोकळे फोडून खड्ड्याच्या एका कोपऱ्यात कुदळीनं वरखाली करतात. वितभर खोल. वाफसा बघतात. कोरडं झालं तर बुरशी झोपते, पाणी साचलं तर गुदमरते.

कुदळ दुसऱ्या कोपऱ्यात गेली आणि थांबली.

हरळी बाजूला सारून झुपका वर आलेला. ढिंगरीच. पण झोपडीतल्यापेक्षा देखणा. टोप्या तळहाताएवढ्या, कडा सरळ, दूधपांढऱ्या. एकही डाग नाही. मागच्या पंधरवड्यात टाकलेल्या पिशव्यांतून आलेला.

"दर टायमाले असंच. इथं लय मस्त येते."

त्यांनी झुपका मुळाशी धरला, अर्धा पीळ दिला. तोच काकडीसारखा आवाज. हातात तोलला. नंतर उठून घरातून काटा आणला, वजन केलं. चारशे दहा ग्रॅम. बाजारात ऐंशी रुपये. मोडून, चुरून, कुदळीनं खोल पुरला. माती थोपटली.

मला आता गावाच्या नावाची अट कळली. डॉक्टरीण बाईंनी हा खड्डा पाहिला तर त्या झोपडीतली अळिंबीही घेणार नाहीत. खड्डा आणि झोपडी यांच्यात घर आहे, गोठा आहे, नियम आहेत. झोपडीतून खड्ड्यात जायचं, खड्ड्यातून झोपडीत काही येत नाही. कुदळ, घमेलं, चपलासुद्धा वेगळ्या. पण हे पाकिटावर कसं लिहिणार?

खड्ड्यातली माती तपासून घ्यावी असं भाचा दर दिवाळीला म्हणतो. एका औषधाच्या एका तपासणीला मोठ्या शहरातली प्रयोगशाळा जे पैसे सांगते, त्यात वहिनींचं वर्षभराचं बियाणं येतं. वहिनींची तपासणी वेगळी आहे. कडेला त्यांनी वालाचा एक वेल लावलाय, खायला नाही, बघायला. पहिल्या वर्षी तो दोनदा जळला. यंदा हिरवा आहे. शेजारी तीन घरं आहेत, तिघंही फवारणीला जातात. त्यांतला एक आता पंप इथं आणून धुतो. दोघं अजून हातपंपाखाली.

५.४५
झोपडीत पाणी. यासाठी छोटा पाच लिटरचा फवारा, हँडलला लाल दोरी बांधलेली. हा घरात, देव्हाऱ्याखाली राहतो. त्यात औषध कधी गेलेलं नाही. धुक्यासारखं पाणी पिशव्यांवर, कुडावर, बारदानावर. दिवसातून तीनदा. दुपारचं मुलीनं शाळेतून येऊन केलं. आजच्या दहा पिशव्या मागच्या अंधाऱ्या भागात टांगल्या. प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी.

७.३०
दिवे गेले. वीस मिनिटांनी आले. चुलीवर वरण. भाऊ खाटेवर, डोकं धरून. वहिनी काही बोलत नाहीत, फक्त येऊन डोळ्यांत टॉर्च मारून बघतात. बाहुल्या बारीक झालेल्या नाहीत. हे त्या दवाखान्यातल्या सिस्टरकडून शिकल्या.

"उनानं दुखून राह्यलं," भाऊ म्हणतात.

"बरं."

पंधरा मिनिटांनी पुन्हा टॉर्च.

९.१०
मुलगी आठवीत. हिशेबाची वही तिची. नवी भूमितीची पेटी उघडून तिनं पट्टीनं रकाने आखले. तोडा ५.२. विक्री ६१०. ऑटो ६०. पाकिटं १०. बियाणं १४४. पिशव्या ३०. बाबा १६ पंप, ४८० येणं. खड्डा: ५ पिशव्या, ३ धुणं.

"आन् थे चारशे दहा?" ती विचारते. "जमेत लिवू का खर्चात?"

वहिनी ड्रममध्ये उद्याचं कुटार घालत होत्या. गुडघ्यानं दाबत, घमेल्यावर घमेलं. "खड्ड्याच्या रकान्यात लिव. पुरली म्हणून."

पाणी ओतताना कुटार आधी तरंगतं. जाळी ठेवली, एक दगड ठेवला. दुसरा दगड सकाळी जाळापाशी राहिला होता. तो आणायला त्या टॉर्च घेऊन अंधारात गेल्या.